कडेपासून हातभर आत

इंदूरमध्ये सायकल चालवणाऱ्या माणसाला एक सल्ला सर्वांकडून आणि सतत मिळतो, तो म्हणजे सायकल रस्त्याच्या अगदी कडेने चालवावी. घरातली वडीलधारी माणसे तो काळजीपोटी देतात, चौराह्यावरचा शिपाई हाताच्या खुणेने देतो आणि मागून येणारे मोटारवाले हॉर्न वाजवून देतात. एखादा स्कूटरवाला खांद्याला खेटून जाताना ‘आंटी, साइड में चलाओ’ असे ओरडतो आणि पुढे निघून जातो. या सल्ल्यामागे बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. तरीही या शहरात बरीच वर्षे सायकल चालवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की हा सल्ला चुकीचा आहे आणि सायकलस्वार व मोटारचालक यांच्यातल्या तंट्याचे मूळ बऱ्याच अंशी त्यातच आहे. सायकलस्वाराने कडेपासून निदान हातभर, जमेल तिथे मीटरभर आत, सरळ आणि स्थिर रेषेत चालावे. मागच्या वाहनाला पुढे जायचे असेल तर त्याने दुसरे कोणतेही वाहन ओलांडताना सोडतो तशी पूर्ण जागा सोडून जावे, आणि तेवढी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत मागे राहावे, एवढेच मला म्हणायचे आहे. ते नीट मांडायचे तर आधी रस्त्याची कड कशी असते ते सांगावे लागेल, कारण मोटारीत बसलेल्या माणसाला ती दिसत नाही.

माझे घर रामबागेत आहे आणि ज्या संस्थेच्या ग्रंथालयात मी काम करते ती आर. एन. टी. मार्गाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आहे एवढे सांगितले तरी पुरे. जेल रोडच्या बाजूने महात्मा गांधी मार्गावर यायचे, गांधी हॉलच्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोरून शास्त्री पूल चढायचा, रीगल चौराह्यावर उतरायचे आणि तिथून पुढे, असा माझा रोजचा रस्ता. इंदूर हे सायकलीला मुळातच मानवणारे शहर आहे. माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर ते वसलेले असल्यामुळे उन्हाळ्यातली दुपार सोडली तर हवा सोसण्याजोगी असते, आणि माळव्यातल्या संध्याकाळची कीर्ती तर दूरवर पोचलेली आहे. मोठे चढ नाहीत, जुन्या वस्तीतली अंतरे फार नाहीत. अशा शहरात सायकल चालवणे हे धाडस ठरावे याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता कडेविषयी. डांबराचा रस्ता जिथे संपतो आणि काँक्रीटची गटारपट्टी किंवा फरशीचे ठोकळे सुरू होतात तिथे एक लांबट सांधा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पातळी क्वचितच सारखी असते. मोटारीच्या रुंद चाकाला हा सांधा जाणवतही नाही. साध्या काळ्या सायकलीचा टायर मात्र चार सेंटिमीटरही रुंद नसतो. सायकलीचा तोल राहतो तो पुढचे चाक सतत किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे वळत राहते म्हणून; हे वळणे इतके बारीक असते की चालवणाऱ्यालाही ते कळत नाही. चाक लांबट खाचेत सापडले की त्याचे वळणे बंद होते आणि सायकल आडवी होते. पावसाळी पाण्याच्या चेंबरवर ज्या लोखंडी जाळ्या बसवतात त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर हाच प्रकार अधिक भयंकर रीतीने घडतो. ती जाळी काटकोनात फिरवून बसवली असती तर पाणी तेवढेच गेले असते आणि चाक अडकले नसते, पण जाळी बसवणाऱ्याला सायकलीची आठवण करून देणारे त्या वेळी तिथे कोणी नसते. इथे आमच्या शहराला न्याय देऊन हेही सांगितले पाहिजे की २०१७ पासून देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान इंदूर सातत्याने मिळवत आले आहे, रस्ते रात्रीच्या रात्री झाडले जातात, आणि त्यामुळे कडेला फुटक्या काचा आणि खिळे इतर शहरांपेक्षा कमी सापडतात. पंक्चर काढणाऱ्यांची दुकाने कमी होण्याला हेही एक कारण असेल. पण पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वाहून येणारी वाळू कडेलाच साचते आणि वाळूवर ब्रेक लावला की चाक घसरते, ते झाडूने टळत नाही.

हे झाले जमिनीचे. कडेला उभ्या असलेल्या मोटारी हा दुसरा आणि मोठा धोका आहे. मोटारीचे दार पूर्ण उघडले की मीटरभर जागा अडवते, आणि ते उघडणाऱ्याने मागे पाहिलेले असेलच असे नाही. आमच्या ग्रंथालयातला एक सहकारी, जो आयुष्यभर सर्वांचा सल्ला ऐकून अगदी कडेने चालला, तो जेल रोडवर अशा उघडलेल्या दारावर आदळला, उजवीकडे रस्त्यात फेकला गेला, आणि मागून येणाऱ्या स्कूटरचा धक्का लागून त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. दार उघडणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी त्याला स्वतः दवाखान्यात नेले, आणि वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले की तू दिसलाच नाहीस. ते खोटे बोलत नव्हते. आरशाच्या ज्या भागात सायकलस्वार असतो तिकडे पाहण्याची सवयच कोणाला नसते.

तिसरा धोका चौराह्यावर असतो. डावीकडे वळण्याला सिग्नलची अडचण नाही अशी व्यवस्था अनेक ठिकाणी आहे, त्यामुळे मोटार सायकलीला ओलांडते आणि लगेच तिच्या पुढ्यातून डावीकडे वळते. सरळ जाणारा सायकलस्वार कडेला असल्यामुळे नेमका त्या वळणाच्या आत सापडतो. बस किंवा मालवाहू गाडी असेल तर आणखी एक गोष्ट घडते जी चालकांना ठाऊक असते पण पायी आणि सायकलने चालणाऱ्यांना बहुधा नसते: लांब गाडी वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूला सरकून वळण कापतात. पुढचे चाक सुरक्षित अंतरावरून गेले म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाच्या अंगावर मागचे चाक येते. आणि चौथा धोका उलट्या दिशेने येणाऱ्या स्कूटरींचा, ज्या पुढच्या वळणापर्यंत जाण्याचा वळसा टाळण्यासाठी त्याच कडेने समोरून येतात. जी जागा सायकलीसाठी सुरक्षित म्हणून सर्वजण दाखवतात, तिच्यावर इतक्यांचा हक्क आधीच सांगितलेला असतो.

माझा भाचा विजयनगरला राहतो, मोटार चालवतो, आणि मनाने अतिशय चांगला मुलगा आहे. मी त्याला हे सर्व सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मावशी, पण तू मध्ये चालवलीस तर लोक तुझ्या जास्त जवळून जातील ना?” हा आक्षेप खरा आहे आणि मला तो झटकून टाकायचा नाही. इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इयान वॉकर यांनी सायकलीला अंतर मोजण्याचे यंत्र लावून जो अभ्यास केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसले की स्वार कडेपासून जितका आत जाईल तितक्या गाड्या त्याच्या जवळून जातात. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक गाजला, तो असा की डोक्यावर हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की माझ्या समजुतीने त्यांचा अर्थ असा होतो: पुष्कळसे चालक समोरच्या सायकलस्वाराकडे पाहून आपली रेषा बदलतच नाहीत. ते जिथून जाणार होते तिथूनच जातात आणि उरलेले अंतर स्वाराच्या वाट्याला येते. थोडीफार रेषा बदललीच तर ती स्वाराकडे पाहून केलेल्या अंदाजावर, हा सराईत दिसतो, हा सांभाळून घेईल, अशा हिशेबाने.

मग आत चालण्याचा फायदा काय? फायदा असा की डावीकडे मीटरभर जागा शिल्लक राहते. कडेने चालणाऱ्याला मागून कोणी खेटले तर जायला जागाच नसते. डावीकडे गटारपट्टीचा सांधा, उभी मोटार किंवा दुभाजकासारखा उंच दगड असतो. आत चालणाऱ्याला सरकता येते. शिवाय अरुंद रस्त्यावर आत चालणाऱ्यामुळे मागच्या चालकाला निर्णय घ्यावाच लागतो की शेजारच्या पट्ट्यात जाऊन ओलांडायचे की थांबायचे. कडेने चालणारा स्वार त्याला तिसरा पर्याय देतो, तो म्हणजे त्याच पट्ट्यातून दाटीवाटीने घुसण्याचा, आणि बहुतेक अपघात या तिसऱ्या पर्यायात दडलेले असतात असे मला वाटते. जर्मनीने २०२० मध्ये वाहतुकीच्या नियमांत स्पष्ट अंतर घातले: शहरात सायकलीला ओलांडताना किमान दीड मीटर, शहराबाहेर दोन मीटर. फ्रान्समध्ये हे अंतर वस्तीत एक मीटर आणि बाहेर दीड मीटर आहे. असा आकडा लिहिला की सर्वजण तो पाळतात असे नाही, पण निदान वाद कशाबद्दल आहे ते तरी ठरते.

शास्त्री पुलावर हा वाद रोज होतो. पूल चढताना माझा वेग कमी होतो, आणि सायकलीचे असे आहे की वेग कमी झाला की ती अधिक डुलते. पॅडलवर जोर देताना हँडल थोडे इकडे-तिकडे होते. म्हणजे ज्या ठिकाणी मला सर्वांत जास्त रुंदी लागते त्याच ठिकाणी मागच्या गाड्यांना सर्वांत जास्त घाई असते. मी कडेपासून आत असते, त्यामुळे एखादी मोटार माझ्यामागे अडकते आणि हॉर्न सुरू होतो. त्या मोटारचालकाचे नुकसान किती होते, याचा हिशेब मी भाच्याला कागदावर मांडून दाखवला. ताशी १२ किलोमीटरने चालणाऱ्या सायकलीमागे २०० मीटर जावे लागले तर ६० सेकंद लागतात. तेच अंतर ताशी ४० किलोमीटरने १८ सेकंदांत कापता येते. फरक ४२ सेकंदांचा, आणि पुढे रीगलचा सिग्नल आहेच. भाचा म्हणाला की ४२ सेकंदांचा प्रश्न नसतो, मागून चाललो आहोत ही भावनाच सहन होत नाही. त्याच्या या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले, कारण मोटार चालवणारी इतकी माणसे माझ्याशी या विषयावर बोलली, पण हे कोणी कबूल केले नव्हते. घाई घड्याळातली असती तर तिच्यावर उपाय सोपा होता.

वेगाविषयी मात्र भावनेच्या पलीकडचे काही आहे. चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले सूत्र रस्त्यावर अक्षरशः खरे असते: ताशी ३० किलोमीटरऐवजी ६० ने जाणारी मोटार दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जेने आदळते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते, म्हणजे समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती तेवढी पुढे गेलेली असते. ३० च्या वेगाला हेच अंतर आठ मीटरांच्या आसपास राहते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ते सुरक्षेच्या जागतिक परिषदेने जिथे पायी, सायकलने जाणारी माणसे आणि मोटारी एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी असे म्हटले, त्यामागे हाच हिशेब आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो, आणि त्यात शंभरांतले सुमारे तीन सायकलस्वार होते. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ही चार हजारांहून अधिक माणसे आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ कोणीही दुसऱ्या कोणाचा जीव घेतलेला नसणार.

आमच्या जुन्या शहरात वेगाचा हा प्रश्न रस्त्याच्या रुंदीनेच सोडवलेला आहे. सराफा, बजाजखाना, मारोठिया बाजार या भागांत कोणालाच वेगाने जाता येत नाही. तिथे गर्दी असते, गोंगाट असतो, धक्केही लागतात, पण सायकल चालवताना मला तिथे भीती वाटत नाही, कारण सर्वांचा वेग जवळजवळ माझ्याइतकाच असतो. होळकर दरबाराने बोलावलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूरविषयी जो अहवाल दिला, त्यात जुन्या वस्त्या फोडून सरळसोट रुंद रस्ते काढण्यापेक्षा थोडक्या आणि हळुवार दुरुस्तीवर त्यांचा भर होता. मोटारींचा सुळसुळाट तेव्हा झाला नव्हता. गल्लीबोळांतली घरे, विहिरी, झाडे वाचावीत हा त्यांचा उद्देश होता, आणि त्याच गल्ल्यांनी शंभर वर्षांनंतर सायकलींना आसरा द्यावा हा त्यांच्या विचाराचा अनपेक्षित लाभ म्हणता येईल.

माझे वडील एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटल्याचा भोंगा झाला की पाटनीपुरा, परदेशीपुरा, नंदानगर या बाजूचे रस्ते सायकलींनी भरून जात. डबा हँडलला, कॅरियरवर कधी भाजीची पिशवी तर कधी मूल, आणि एका रांगेत चार-चार सायकली गप्पा मारत चाललेल्या. त्या वेळी कडेने चालवा असे कोणाला सांगावे लागत नसे, कारण रस्ताच त्यांचा असे आणि एखादी मोटार आलीच तर ती त्यांच्या चालीने चाले. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांना त्यांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. गिरण्यांबरोबर काय काय गेले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते दुःख माझ्या या विषयापेक्षा फार मोठे आहे. पण त्या पाळीबरोबर रस्त्यावरची सायकलींची संख्याही गेली, आणि संख्या हीच सायकलस्वाराची खरी ढाल असते. पीटर जेकबसन या अमेरिकन संशोधकाने २००३ मध्ये वेगवेगळ्या देशांतली आणि शहरांतली आकडेवारी तपासून दाखवले की पायी व सायकलने जाणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. माणसे एकाएकी अधिक सावध होतात असे नव्हे. मोटारचालकांच्या नजरेला त्यांची सवय होते. ज्याची सवय असते तेच दिसते. जेल रोडवरच्या त्या गृहस्थांना माझा सहकारी दिसला नाही, पण माझ्या वडिलांच्या काळात मिलच्या फाटकासमोर मोटारीचे दार असे न पाहता उघडण्याची कोणाची छाती झाली नसती.

सायकल आता कोणी चालवत नाही असे जे म्हटले जाते ते खरे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती, मोटार ४.७ टक्के घरांत. आणि शेतीखेरीज इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. मध्य प्रदेशात शाळा दूर असलेल्या गावांतल्या मुला-मुलींना शासनाकडून सायकल मिळते, आणि ती चालवत आलेली मुले मला शहराच्या वेशीवर दिसतात. सकाळी साडेसहाच्या सुमारास मी कधी बाहेर पडले तर वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रात्रपाळी संपवून घरी निघालेले पहारेकरी, बांधकामावर जाणारे गवंडी, बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या बायका, हे सर्व सायकलीवर असतात. रविवारी पहाटे रालामंडळच्या दिशेने महागड्या सायकलींवर, चमकदार कपड्यांत जाणारे तरुणही असतात, आणि त्यांना पाहून मला आनंदच होतो. पण रस्त्याच्या रचनेचा विचार व्हायचा तो त्या पहारेकऱ्याच्या सायकलीवरून व्हावा असे मला वाटते. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो, तो अंधारात निघतो, आणि त्याच्या सायकलीला बहुधा दिवा नसतो.

दिव्याचा विषय निघाला म्हणून सायकलस्वारांच्या बाजूचेही बोलले पाहिजे. पूर्वी प्रत्येक सायकलीला डायनॅमो असे. आता दोन-तीनशे रुपयांत बॅटरीवरचा पुढचा-मागचा दिवा मिळतो, आणि तो न लावता रात्री ए. बी. रोडसारख्या, म्हणजे शहरातून जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यासारख्या, मोठ्या रस्त्यावर उतरणे हा स्वतःच्या घरच्यांवर अन्याय आहे. उलट्या दिशेने चालणे हा प्रकारही सायकलवाले सर्रास करतात, समोरची गाडी दिसते म्हणून ते सुरक्षित असे समजून. हिशेब उलटा आहे: मी १५ च्या वेगाने आणि मोटार ५० च्या वेगाने एकाच दिशेला जात असू तर तिचा माझ्याकडे येण्याचा वेग ३५ असतो, मी उलट्या दिशेने असेन तर तोच ६५ होतो. ब्रेकचे गुटके झिजलेले, पुढचे चाक आऊट झालेले, घंटी नाही, अशी सायकल घेऊन रस्त्यावर हक्क सांगणेही मला पटत नाही. हक्क आहे म्हणूनच हे नियम सायकलस्वाराने काटेकोरपणे पाळावेत.

हक्क आहे का, हाच प्रश्न काही जण विचारतात. सायकलवाले ना परवाना काढतात, ना विमा उतरवतात, ना रस्त्याचा कर भरतात, मग रस्ता त्यांचा कसा, असे माझ्याच नात्यातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मला जेवणाच्या पंक्तीत विचारले होते. शहरातले रस्ते मालमत्ता कर आणि सर्वसाधारण महसूल यांतून होतात, आणि तो पैसा साबणाची वडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडून गोळा झालेला असतो, हे एक उत्तर. दुसरे उत्तर मला अधिक आवडते. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यांची जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून असा ठोकताळा निघाला की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घातानुसार वाढते. म्हणजे आसावरचा भार दहा पट झाला तर झीज दहा हजार पट. माझी सायकल आणि मी मिळून एका आसावर पडणारा भार आणि लहानशा मोटारीच्या एका आसावरचा भार यांत साधारण दहा पटींचे अंतर आहे. मी रस्ता वापरते, पण त्याची झीज करत नाही.

कायदा याबाबत आपल्याला वाटतो तितका मुका नाही. २०१७ पासून लागू असलेल्या वाहन चालवण्याविषयीच्या केंद्रीय विनियमांत चालकाने पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घ्यावी असे म्हटले आहे, आणि पदपथ किंवा सायकलमार्ग असेल तिथे त्यावर मोटार नेण्यास मनाई आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये एक पोटकलम आले, ज्यानुसार पायी चालणारे आणि यंत्राविना चालणारी वाहने यांच्यासाठी राज्यांना नियम करता येतात. त्याआधी २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेच सांगितले होते की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना डोळ्यांसमोर ठेवून वाटली जावी. कागदावर एवढे असताना रस्त्यावर चित्र वेगळे का, याचे उत्तर मला ए. बी. रोडने दिले.

निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत याच रस्त्यावर सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बी. आर. टी. एस., म्हणजे बससाठी वेगळा राखलेला, मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. मधोमध रेलिंगच्या आत बस, तिच्या दोन्ही अंगांना मोटारी, आणि त्यांच्या पलीकडे काही भागांत सायकलींसाठी पट्टा व पदपथ, अशी ती आखणी होती. बससाठीच्या जागेभोवती रेलिंग होते म्हणून ती टिकली. मोटारी तिथे याव्यात की नाही यावर न्यायालयात वाद झाले, वर्तमानपत्रे भरभरून लिहीत राहिली. सायकलीच्या पट्ट्याभोवती काही नव्हते. त्यावर आधी एक मोटार उभी राहिली, मग दुकानाची पाटी, मग खाण्याचा ठेला, आणि त्याविषयी कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बी. आर. टी. एस. हटवण्याला मुभा दिली आणि रेलिंग काढण्याचे काम सुरू झाले. बसने रोज जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींचे यात नुकसान झाले असे मला वाटते, पण तो निर्णय झाला आहे. मोकळ्या होणाऱ्या त्या रुंदीचे काय करायचे हे मात्र अजून आपल्या हातात आहे.

या प्रश्नाचा विचार करताना माझ्या लक्षात आले की सायकलस्वाराचे खरे भांडण चालत्या मोटारीशी कमी आणि उभ्या मोटारीशी जास्त आहे. ए. बी. रोड असो की महात्मा गांधी मार्ग, सायकलसाठी जागा नाही असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा दोन्ही कडांना मोटारी उभ्या असतात. एका मोटारीला उभे राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशी जागा लागते, आणि दिवसभरासाठी ती बहुधा फुकट मिळते. त्या रांगेतून एका बाजूचा दोन मीटरचा पट्टा सलग मोकळा केला, त्याला मोटारीचे चाक चढणार नाही एवढा उंच काठ बांधला, चौराह्यावर डावे वळण इतके आखूड केले की वेग कमी केल्याविना वळताच येणार नाही, आणि चेंबरच्या जाळ्या फिरवून बसवल्या, तर मी या लेखात जे म्हटले त्यातले अर्धे तरी अनावश्यक ठरेल. अशा पट्ट्यात मला मोटारींपुढे आडवे यावे लागणार नाही आणि भाच्याला माझ्यामागे अडकावे लागणार नाही. जिथे असा पट्टा करण्याइतकी रुंदीच नाही, उदाहरणार्थ शास्त्री पुलावर, तिथे सर्वांसाठी ताशी ३० ची मर्यादा असावी आणि ती रस्त्याच्या रचनेनेच पाळायला लावावी. पाटीवर लिहून ती पाळली जाणार नाही.

२२ सप्टेंबर २०२३ ला इंदूरने मोटारींविना एक दिवस पाळला होता. त्या दिवशी पलासियाहून रीगलकडे येताना रस्त्यावर मोटारी खरोखरच कमी होत्या आणि मी पहिल्यांदा त्या रस्त्याची पूर्ण रुंदी पाहिली. मला तो फार रुंद वाटला. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता पुन्हा सर्वांना अपुरा वाटू लागला. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की उभ्या गाड्या हटवल्या तर त्या जाणार कुठे, दुकानदार ऐकतील का, आणि पावसाळ्यात तू सायकलीने जाणार आहेस का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले, कारण पावसाळ्यात मी सायकलीनेच जाते. पहिल्या दोन प्रश्नांवर आमचे अजून एकमत झालेले नाही. तो बहुमजली वाहनतळ बांधावा म्हणतो, मी आधी रस्त्यावर गाडी उभी करण्याचे पैसे घ्यावेत म्हणते. पण आता तो मला ओलांडताना शेजारच्या पट्ट्यात जातो, आणि गेल्या आठवड्यात त्याने शेजारी बसलेल्या मित्राला दार उघडण्याआधी मागे पाहायला सांगितले, असे त्यानेच मला फोनवर कळवले.